दिसायला स्वच्छ पाणी

बाभूळओहोळ,
२० ऑगस्ट १९७२

चि. गोरक्षनाथ यास ताईचे आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. नगरात शेवटी खोली मिळाली, खाणावळही जवळ आहे, हे वाचून जिवाला बरं वाटलं. इकडे पावसाचं नाव नाही. गावच्या विहिरीत पोहरा सोडला की नुसता खडकावर वाजतो. गावाखालचा ओढा तेवढा बारीक धारेनं वाहतो, आणि ती धार तुझ्या कारखान्याकडून येते असं सगळे म्हणतात. पाणी पिवळं आहे, हळदीचे हात धुतल्यासारखं. तरी बायका ओढ्याच्या वाळूत झिरे खणून तेच भरायला लागल्या आहेत. वाळूतून आल्यावर जरा फिकं दिसतं, एवढंच.

शेजारची मनकर्णा मात्र त्याला हात लावत नाही. डोंगराच्या अंगाला एक टाकं आहे, तिथून ती एक हंडा आणते, त्यात तिची निम्मी सकाळ जाते. काल मला म्हणाली, "ताई, ज्या पान्यात बेडूक ऱ्हाईना ते मानसानं प्यावं का?" तू रसायनाचं शिकलास. तूच सांग, प्यावं का नाही.

ह्यांनी तब्येत विचारली आहे.

तुझी,
विजयमालाताई


नगर,
३० ऑगस्ट १९७२

ती. ताईस गोरक्षाचा नमस्कार.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. मनकर्णावहिनींचं बरोबर आहे. आमच्याकडे सायकलींच्या हँडलांना आणि रिमांना क्रोमचा चकचकीत मुलामा देतात. मुलाम्याच्या टाकीतून काढलेला माल पाण्यात धुतात, आणि ते धुवण आजवर तसंच नाल्यात सोडलं जातं. पिवळा रंग त्या क्रोमचा आहे. तो पोटात जाता कामा नये. गावात सांग, तूर्त ते पाणी पिऊ नका, गुरांनाही दाखवू नका.

पण आता एक चांगली बातमी. तीन महिने मालकांच्या मागे लागलो होतो, शेवटी त्यांनी हौद बांधायला परवानगी दिली. तीन हौद. पहिल्यात धुवणात हिराकस घालून ढवळायचं. आई शाई करायला आणायची तोच हिराकस. त्यानं पिवळं पाणी हिरवट होतं, म्हणजे क्रोमचं विष मोडतं. दुसऱ्यात चुना घालायचा, की ते सगळं गाळ होऊन तळाला बसतं. तिसऱ्यात वाळू आणि कोळसा, तिथून पाणी गाळून बाहेर. नगर जिल्ह्यात असं काम अजून कुणी केलेलं माझ्या ऐकिवात नाही.

दीड महिना कळ काढा.

तुझा,
गोरक्ष


नगर,
१४ ऑक्टोबर १९७२

ती. ताईस नमस्कार.

हौद सुरू होऊन बारा दिवस झाले. काल मालकांनी चार मोठी माणसं बोलावली होती. त्यांच्यासमोर मी शेवटच्या हौदाच्या तोटीखाली पेला धरला आणि भरलेला पेला पिऊन टाकला. टाळ्या झाल्या. मालकांनी पाठीवर हात ठेवून सर्वांना सांगितलं, हा आमच्या घरचा मुलगा. ताई, त्या वेळी तू तिथं असायला हवी होतीस.

आता झिऱ्याचं पाणी खुशाल वापरा. प्या, गुरांना पाजा. कुणी शंका काढली तर माझं नाव घे. माझी खात्री आहे.

तुझा,
गोरक्ष


बाभूळओहोळ,
२७ ऑक्टोबर १९७२

चि. गोरक्षास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही सगळ्या दुष्काळी कामावर होतो. रस्त्याला खडी फोडतो. पोस्टमननं पत्र तिथंच दिलं, आणि बायका म्हणाल्या, मोठ्यानं वाच. मी दगडावर उभी राहून वाचलं. तुझ्या पेल्याचं दोनदा वाचलं.

मनकर्णा तरी खाली मान घालून खडी फोडत राहिली. मी म्हटलं, "काय गं, पटलं नाही का?" ती म्हणाली, "पटलं न्हाई असं न्हाई. पर जरा दम धरू की." मला राग आला. सगळ्यांसमोर म्हटलं, "माझा भाऊ काय खोटं लिहील? परत त्या पाण्याला नावं ठेवलीस तर माझ्या दारात येऊ नको." मग तिला हाताला धरून झिऱ्यावर नेलं, आधी मी ओंजळभर प्याले, मग तिला पाजलं.

आता सगळा गाव तेच भरतो. पाणी स्वच्छ आहे, आरपार दिसतं. भाऊबीजेला ये. लोकांना तुला पाहायचं आहे.

तुझी,
ताई


बाभूळओहोळ,
१९ जानेवारी १९७३

चि. गोरक्षास आशीर्वाद.

भाऊबीजेला आलास, पारावर लोकांनी तुला नारळ दिला, त्यानंतर तुझी दोन ओळींचीही खुशाली नाही. संक्रांतीला वाट पाहिली. काम वाढलं असेल असं हे म्हणतात.

आज लिहायचं कारण असं, की तिकडच्या डॉक्टरला विचारून एखादं मलम पाठव. खडी फोडताना आम्हा बायकांच्या बोटांना कपऱ्या लागतात, त्याचं काही नाही. पण ह्या महिन्यात त्या जखमा भरेनाशा झाल्या आहेत. उलट खोल जातात. बारीक गोल भोकं पडल्यासारखी, कडा उचललेल्या. दुखत मात्र नाहीत फारशा. माझ्या दोन बोटांना आहेत, मनकर्णाच्या दोन्ही हातांना मिळून नऊ. तिच्या शेळीनं मेलेलं करडू टाकलं. तिला अन्नही जात नाही. पण माझ्यासमोर ती पाण्याचं नाव काढत नाही, शहाणी झाली आहे.

तुझी,
ताई


नगर,
१ फेब्रुवारी १९७३

ती. ताईस नमस्कार.

सोबत मलमाच्या चार डब्या आहेत. जखम उकळून गार केलेल्या पाण्यानं धुऊन दिवसातून दोनदा लावा.

दुष्काळात जमिनीतलं पाणी खाली जातं आणि झिऱ्यात क्षार वाढतात. म्हणून काही दिवस ते पाणी शक्यतो पिऊ नका. टँकरचं वापरा. घाबरण्यासारखं काही नाही. कामाची गडबड आहे, यायला जमणार नाही.

गोरक्ष


बाभूळओहोळ,
१६ फेब्रुवारी १९७३

चि. गोरक्षास आशीर्वाद.

तुझं पत्र मी ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, क्षार तर सगळ्याच विहिरींना असतात, गोरक्ष शहरात राहून नाजूक झाला. टँकर पाच दिवसांनी एकदा येतो आणि घरटी दोन हंडे मिळतात. तेव्हा मी गावात काही बोलले नाही. मीच एवढं ओरडून सांगितलेलं, आता क्षार क्षार करत फिरले असते तर लोक हसले असते.

तुला तातडीचं लिहायचं ते असं. मनकर्णाला परवा बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून एस. टी.नं नगरच्या दवाखान्यात नेलं आहे. उलट्या थांबेनात, लघवी बंद झाली, तोंड सुजलं. तिचा नवरा ऊसतोडीवर कोपरगावच्या बाजूला, त्याला निरोप धाडला आहे. तिच्याजवळ फक्त तिची म्हातारी सासू आहे. तू तिथंच आहेस. जाऊन ये, आणि बायांच्या खोलीत काय हवं नको ते बघ. मी तिला म्हटलं आहे, माझा भाऊ येईल.

तुझी,
ताई


नगर,
२४ फेब्रुवारी १९७३

ती. ताईस,

नमस्कार लिहिण्याची माझी लायकी नाही.

मनकर्णावहिनी वाचल्या आहेत. लघवी सुरू झाली. हे आधी लिहितो, बाकीचं त्याच्यामागून.

डिसेंबरात आमच्याकडे दुप्पट माल आला. धुवणही दुप्पट झालं. हिराकसाचे पिंप संपले आणि नवे यायला उशीर होणार असं कळलं. मी मालकांना म्हटलं, तोवर मुलाम्याचं काम थांबवू. ते म्हणाले, "नुसतं कोळशातून जाऊ द्या. पाणी दिसायला स्वच्छच आहे ना?" ताई, कोळसा थोडे दिवस रंग धरतो, मग त्याचं पोट भरतं आणि विष पुढं जातं; ते इतकं पातळ असतं की वाळूतून आल्यावर रंग दिसत नाही. हे मला कॉलेजात शिकवलेलं. तरी मी मान हलवली. म्हटलं आठवड्याचा प्रश्न आहे. आठवड्याचे दोन महिने झाले. रोज सकाळी मी तोटीचं पाणी तपासत होतो, त्यात विष सापडत होतं, आणि तपासणीच्या वहीत मी 'ठीक' लिहीत होतो. मी घरचा मुलगा होतो ना.

तुझं जानेवारीचं पत्र आलं तेव्हा 'गोल भोकं' हे शब्द वाचले आणि पुढचं दिसेना. आमच्या मुलाम्याच्या टाकीवर कारभारी नावाचा माणूस आहे. त्याच्या हातांना तशीच भोकं आहेत. क्रोमचं पाणी चिरलेल्या कातडीत शिरलं की तसं होतं. जखमांतून ते अंगातही उतरतं, म्हणून वहिनींना सगळ्यांत जास्त भोवलं असावं. मी त्याला हेच मलम देतो. म्हणजे मला कळलं होतं, ताई. कळल्यावर सहा दिवस मी काही केलं नाही, आणि सातव्या दिवशी तुला क्षारांचं लिहिलं. तुम्ही पाणी सोडावं आणि माझं नावही राहावं, असं मला हवं होतं.

दवाखान्यात गेलो. वहिनींनी मला ओळखलं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सासूला म्हणाल्या, "आत्याबाई, विजयमालाताईचे भाऊ आल्यात. बसाया द्या." मी विचारलं, डॉक्टरांनी काय विचारलं? म्हणाल्या, "काय खाल्लंस, काय प्यालीस ते इचारत हुते. म्या पान्याचं न्हाई सांगितलं. ताईला सबूद दिलाय, त्या पान्याला नावं ठिवनार न्हाई म्हून."

मी उठलो. डॉक्टर व्हरांड्यातच उभे होते. मी त्यांच्या बाजूनं चालत गेलो आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी तारीख सांगितली. त्यांनी तीही लिहिली. मग म्हणाले, "निदान कालच सांगायला हवं होतं." मी आदल्या दिवशी तिथं येऊन गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. तेही सांगितलं नाही. तुला सांगतो आहे.

तिथून कारखान्यात गेलो, नाल्याकडची तोटी बंद केली आणि मालकांना म्हटलं, हिराकस येईपर्यंत धुवण सोडायचं नाही. त्यांनी मला जायला सांगितलं. वही घेऊन कलेक्टर कचेरीत गेलो आणि माझ्या सहीनं अर्ज दिला. त्यात मी केलेल्या खोट्या नोंदीही लिहिल्या आहेत.

एक गोष्ट आणखी. ऑक्टोबरात पाणी खरंच चांगलं होतं, पण 'प्या' असं लिहायला नको होतं. असल्या पाण्याची कायमची खात्री कुणी देत नसतं. टाळ्या डोक्यात गेल्या होत्या.

आधीचं पत्र जसं दगडावर उभं राहून वाचलंस, तसंच हेही वाच. आजच वाच. झिरे बुजवा.

गोरक्ष


बाभूळओहोळ,
१२ मार्च १९७३

गोरक्षास,

पत्र हाती आलं त्याच दिवशी मी गावात सांगितलं की झिऱ्याचं पाणी बंद. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, सरकारी हुकूम आहे. म्हणजे मीही तुझ्यासारखंच केलं. पत्र तीन दिवस कणगीमागं ठेवलं होतं. हे म्हणाले, "चुलीत घाल. आपल्याला ह्या गावात राहायचंय." मी दोनदा चुलीपर्यंत नेलं.

चौथ्या दिवशी कामावर वाचलं. दगडावर चढले नाही, खालीच उभी राहिले. मनकर्णाच्या 'ताईला सबूद दिलाय' ह्या वाक्याशी मी थांबले. म्हातारी साळूबाई म्हणाली, "वाच की. तिनं सोसलं, तुला नुसतं वाचायचं हाय." मग शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं होतं लोक शिव्या देतील. पण बायका एकेक करून ओढ्याकडं गेल्या आणि फोडलेली खडी पाटीत भरून झिऱ्यांत टाकायला लागल्या. मी पाटी उचलली तर एकीनं माझ्या हातातून काढून घेतली.

मनकर्णा घरी आली आहे. अंग अजून फुगलेलं आहे, चार पावलं चालली की बसते. मी तिच्या दाराशी गेले. म्हटलं, "मनकर्णा, मी तुला हाताला धरून पाजलं." ती म्हणाली, "व्हय." एवढंच. मग म्हणाली, "पत्र तुमी वाचलं. ज्यानं लिवलं त्यानं यावं. दिवसाउजेडी यावं, समदी असताना."

तुझ्या अर्जामुळं असेल, टँकर आता एक दिवसाआड येतो.

ताई


नगर,
१७ एप्रिल १९७३

ती. ताईस नमस्कार.

काल रजा काढून सकाळच्या एस. टी.नं मी आलो होतो, ते तुला माहीत आहे. तुझं दार लावलेलं होतं. दोनदा कडी वाजवली. आत बांगड्या वाजल्या. तू उघडलं नाहीस म्हणून मी रागावलेलो नाही. मीही उघडलं नसतं. पण तिथं काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळावं.

मी खडीच्या कामावर गेलो. मनकर्णावहिनींना त्यांच्या नवऱ्यानं खाट टाकून सावलीत बसवलं होतं. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि पत्रात होतं तेच तोंडानं सांगितलं. लिहिणं सोपं होतं. माझी मान वर होईना.

वहिनींनी हात पुढं केले. "हे भरंल का?"

"भरेल. वण राहतील."

"आन् आतलं?"

"ते मला सांगता येत नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनाही अजून सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाई, असं तवाच लिवायचं हुतं की," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही.

मग त्यांच्या नवऱ्यानं विचारलं, तोटी बंद होऊन दोन महिने होत आले, आता ओढ्याचं पाणी गुरांना तरी चालेल का? मी पिशवीतून तपासणीचं सामान आणलं होतं. एक झिरा उकरून बाटलीत पाणी घेतलं. निवळशंख पाणी. सगळ्यांनी उन्हात धरून पाहिलं. मग मी त्यात औषधाचे थेंब टाकले, आणि सगळ्यांच्या देखत बाटली जांभळी झाली. जितकं जांभळं तितकं विष, असं मी सांगितलं.

कुणी पुढं आलं, कुणी मागं सरलं. साळूबाई बाटलीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "म्हंजी आमाला दिसत नव्हतं. तुला रोज दिसत हुतं."

"हो," मी म्हटलं. "रोज दिसत होतं."

ताई, दवाखान्याच्या डॉक्टरांनी विचारलं, कलेक्टर कचेरीत साहेबांनी विचारलं, तिथं मी तारखा सांगितल्या, कारणं सांगितली. साळूबाईंपुढं एकही कारण तोंडात आलं नाही.

वाळूतलं विष एकदम जाणार नाही. वरून चांगलं पाणी वाहिलं तरच उतरेल. कारखान्याला कलेक्टरांचा हुकूम गेला आहे, तिन्ही हौद पुरते चालल्याशिवाय मुलामा बंद. मला परत घेतलेलं नाही, घेतील असंही वाटत नाही. एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलो आहे. सोमवारी दुपारनंतर मोकळा असतो. गावानं सांगितलं आहे, दर सोमवारी यायचं आणि सगळ्यांसमोर बाटली करायची. मी कबूल केलं आहे.

तुझा,
गोरक्ष


बाभूळओहोळ,
२ मे १९७३

चि. गोरक्षास,

तीन सोमवार तू आलास आणि गेलास. तिन्ही वेळा मी आत होते. तू ओढ्यावर उन्हात उभा असतोस, कुणी पाणीसुद्धा विचारत नाही, हे मला कळतं. साळूबाई येऊन सांगते. गेल्या खेपेला रंग जरा फिका होता म्हणाली.

मी आता टँकरवर मनकर्णाचा हंडा भरते. तिच्यानं उचलत नाही आणि नवरा कामावर असतो. पहिल्या दिवशी तिनं हंडा दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी उंबऱ्याबाहेर ठेवलेला दिसला. मी भरून आणते, ठेवते आणि येते. आम्ही बोलत नाही. कधी काळी ती माझ्याकडं रोज दोन घटका येऊन बसायची. माझ्या बोटांच्या जखमा भरल्या आहेत. तिच्या अजून चार बाकी आहेत. हंडा ठेवताना माझा हात मी पदराखाली घेते.

काल हंडा ठेवून वळले तर आतून तिनं विचारलं, "दादा सोमवारी येनार का?"

मी म्हटलं, "येईल."

"मग त्याला म्हनावं, उपाशी जात जाऊ नगं. आधी बाटली दाव, मग जेव."

हे तिचं म्हणणं तुला कळवते. माझ्या स्वतःच्या मनात तुझ्याशी काय बोलावं ते अजून सुचलेलं नाही. तू माझ्याशी खोटं बोललास, आणि मी तुझ्या जिवावर तिला धाक घातला. ह्यातलं कुठलं आधी काढावं कळत नाही. पण सोमवारी दार लावणार नाही. भाकरी करून ठेवते. ये.

ताई